मोल्टन कंपनीचा सहा नंबरचा रबरी बास्केटबॉल: मुलींच्या संघासाठी घ्यावा का?

घ्यावा. कॉलेजच्या क्रीडा निधीत यंदा एकाच बॉलचे पैसे उरले असतील, तर मुलांसाठी आणखी एक सात नंबर, म्हणजे मोठ्या आकाराचा बॉल, आणण्याआधी मुलींसाठी हा आणावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

मी परभणी जिल्ह्यातल्या एका सीनियर कॉलेजात शारीरिक शिक्षण विभाग बघते. मुलांचा आणि मुलींचा, दोन्ही बास्केटबॉल संघ माझ्याकडे आहेत. आमचं ग्राउंड सिमेंटचं, उघड्यावरचं. एका अंगाला बाभळी, दुसऱ्या अंगाला पार्किंग आणि पलीकडे काळं रान. तेव्हा खाली लिहिलंय ते असल्याच ग्राउंडवर खेळणाऱ्यांसाठी. ज्यांच्याकडे लाकडी कोर्ट आणि डोक्यावर छप्पर आहे त्यांनी रबरी बॉलच्या वाटेला जाऊ नये, सरळ कंपोझिट लेदरचा, म्हणजे कृत्रिम चामड्याचा घ्यावा.

मॉडेल आहे बी6जी2000. रबरी, 12 पट्ट्यांचा, नारिंगी आणि सायीच्या रंगाचा. हाच बॉल सात नंबरमध्ये बी7जी2000 या नावानं मिळतो, म्हणून मागवताना 'बी'पुढचा आकडा नीट बघा. किंमत दुकानागणिक बदलते. मला दोन हजारांच्या आत पडला.

आता सहा नंबरच का, ते सांगते, कारण आमच्याकडे खरा घोळ तिथंच आहे. दुकानात सहा नंबर मागितला की ठरलेलं उत्तर येतं, "मॅडम, सहा कोण नेतंय? सातच न्या, पोरं-पोरी दोघंबी खेळतील." आणि कितीतरी कॉलेजं सातच नेतात. मुलांचा सराव आटोपला की तोच बॉल मुलींच्या हातात. स्पर्धेत मात्र मुलींना सहा नंबरनं खेळायचं असतं. फिबानं, म्हणजे या खेळाच्या आंतरराष्ट्रीय महासंघानं, 2004 सालीच महिलांच्या सामन्यांसाठी सहा नंबर ठरवून दिलाय. सात नंबरचा घेर 75 ते 77 सेंटीमीटर, वजन 580 ते 620 ग्रॅम. सहाचा घेर 71.5 ते 73 सेंटीमीटर, वजन 510 ते 550 ग्रॅम. रिंग दोघांना तीच, 3.05 मीटर उंचीवर, 45 सेंटीमीटर व्यासाची.

सत्तर ग्रॅमनं काय होतंय, असं वाटेल. वर्षभर सातवर हात बसलेली पोरगी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या स्पर्धेत सहा नंबर हातात घेते, आणि पहिल्या क्वार्टरला तिचा शॉटमागून शॉट लांब जातो. रिंगच्या मागच्या कडेवर आपटून बॉल थेट समोरच्या टीमच्या हातात. लेअप, म्हणजे पळत येऊन रिंगजवळून टाकलेला शॉट, बोर्डावर जोरात बसतो, ड्रिबल कमरेच्या वर उसळतो. क्वार्टर दहाच मिनिटांचा, त्यात 24 सेकंदांत शॉट घ्यायची घाई. हात जुळेपर्यंत क्वार्टर संपलेला असतो. बाहेर उभे असलेले म्हणतात, पोरी घाबरल्या. मला हे ऐकवत नाही. ज्या बॉलनं खेळायचं तो सरावाला कधी दिलाच नाही, आणि नाव मात्र पोरींचं खराब.

या बॉलचा सगळ्यात मोठा गुण मला फ्री थ्रोच्या, म्हणजे फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटच्या रेषेवर दिसला. पाथरीकडची एक पोरगी आहे आमच्याकडे. हात लहान, मनगट बारीक, पण पळायला लागली की सापडत नाही. सात नंबर ती छातीपासून दोन्ही हातांनी ढकलायची, गुडघे वाकवून, सगळं अंग पाठीमागं झोकून. सहा नंबर दिल्यावर तिचा उजवा कोपर बॉलच्या खाली आला. डावा तळवा नुसता कडेला टेकलेला, उजव्या हाताची पेरं खाचेवर आडवी, आणि बॉल सुटल्यावर मनगट पुढं झुकलेलं. कोपर खाली घे, कोपर खाली घे, असं मी तिला कितीदा तरी सांगितलं होतं; सातच्या वजनापुढं तिला ते जमतच नव्हतं. "मॅडम, हा हातात बसतोय," एवढंच म्हणाली आणि पुन्हा रेषेवर जाऊन उभी राहिली.

दोन रंगांचाही इथं फार उपयोग होतो. मनगट सरळ सुटलं तर बॉल हवेत उलटा फिरत जातो आणि पट्ट्या एका रेषेत फिरताना दिसतात. बोटं वाकडी पडली की त्या तिरप्या होतात. चूक पोरीला स्वतःलाच दिसते, मला बाजूनं ओरडत बसावं लागत नाही. या 12 पट्ट्यांच्या दोनरंगी बॉलची मूळ घडण जॉर्जेत्तो जुजारो या इटालियन डिझायनरची. मोटारींच्या आकारासाठी जगभर नाव असलेला माणूस. बॉल तांबूस एकरंगी असण्याच्या काळात मी शिकले, म्हणून मला त्याचं हे काम फार मोलाचं वाटतं.

उसळी तपासायला आमच्या स्टोअररूमच्या भिंतीवर खडूनं रेघा मारून ठेवल्यात. बॉलची खालची कड 1.8 मीटरवर धरायची आणि नुसता सोडायचा. वरची कड परत 1.2 ते 1.4 मीटरच्या मधे आली पाहिजे. सगळा हंगाम सिमेंटवर काढून हा बॉल त्या दोन रेघांच्या मधेच येतो, आणि गोलही राहिलाय. याआधी दुसऱ्या एका कंपनीचा स्वस्तातला बॉल होता, तो पावसाळ्यानंतर लांबुळका झाला आणि ड्रिबल करताना एका अंगाला पळायला लागला. तसल्या बॉलवर शिकलेली सवय मोडायला पुढं किती वेळ जातो, हे शिकवणाऱ्यालाच माहीत.

हवेचं मात्र आपल्याकडे जपायलाच पाहिजे. पिनच्या भोकाजवळ किती हवा भरायची ते छापलेलं असतं. पण परभणीच्या एप्रिल-मेमध्ये सकाळी गारव्याला आठ पौंड भरलेला बॉल दुपारी उन्हात तापला की दीड-दोन पौंडांनी वर जातो. मग तो दगडासारखा लागतो आणि रबरावर ताण येतो. उन्हाळ्यात थोडी कमी हवा ठेवा, बॉल सावलीत ठेवा, आणि पिन कोरडी खुपसू नका. पाण्यात किंवा ग्लिसरीनमध्ये बुडवून सरळ घाला. बॉलचं मरण बऱ्याचदा कोरड्या पिननं होतं.

उणंही सांगते. रबर ते रबरच. नवा असताना कडक लागतो, लांबचा पास झेलताना बोटांना झणका बसतो. घामेजल्या हातातून निसटतो. आमच्या काळ्या मातीची धूळ दाण्यांमध्ये बसली की ग्रिप निम्मी राहते. सराव संपल्यावर ओल्या फडक्यानं पुसून सावलीत वाळवावाच लागतो, नाहीतर दुसऱ्या दिवशी साबण लावल्यासारखा हात घसरतो. आणि स्पर्धेत कंपोझिटचा बॉल असेल तर स्पर्श वेगळा लागणार. त्यासाठी स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात जमेल तिथून एक कंपोझिटचा सहा नंबर मागून आणा. नंबर बरोबर असला तर नुसत्या स्पर्शाशी हात लवकर जुळतो.

मुलांच्या संघाला याचा उपयोग नाही. त्यांची एक अडचण मात्र लक्षात ठेवा. थ्री-ऑन-थ्रीमध्ये, म्हणजे तीन-तीन खेळाडूंच्या एका रिंगवरच्या खेळात, पुरुष आणि महिला दोघांनाही एकच बॉल असतो, आकारानं सहा नंबरचा आणि वजनानं साताचा. तो वेगळाच घ्यावा लागतो. हा बॉल आकारानं तसाच दिसतो म्हणून मुलं उचलून नेतात, आणि मग हलक्या बॉलवर हात बसवून स्पर्धेला जातात. नेऊ देऊ नका.

मी हे एवढं तळमळून लिहितेय, कारण मोठ्या स्पर्धांमध्ये पोरी कुठं पोचल्यात ते दिसतंय. 2019 ला काठमांडूच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताच्या पुरुषांनी सुवर्ण घेतलं, महिलांनीही घेतलं, आणि थ्री-ऑन-थ्रीतली दोन्ही सुवर्णंही भारताचीच. 2021 ची आग्नेय आशियाई स्पर्धा 2022 मध्ये हनोईला झाली. तिथं फिलिपिन्सच्या पुरुषांना इंडोनेशियानं 85-81 असं हरवलं. ज्या देशात गल्लोगल्ली रिंग टांगलेली असते, त्याच्या पुरुषांचं सुवर्ण 1989 नंतर पहिल्यांदा गेलं, आणि त्याच स्पर्धेत फिलिपिन्सच्या महिलांनी आपलं सुवर्ण राखलं. पुढच्या वर्षी कंबोडियात उलटं झालं, पुरुषांनी सुवर्ण परत आणलं आणि महिलांचं इंडोनेशियानं नेलं. मी हे सगळं पोरींना सांगते. आपल्या पुण्याच्या शिरीन लिमयेनं भारतीय महिला संघाचं नेतृत्व केलंय, तेही सांगते. आमच्या पोरींचं स्वप्न सध्या विद्यापीठाच्या संघात निवड होऊन 'अश्वमेध' खेळायचं आहे. राज्यभरातली विद्यापीठं त्या महोत्सवात उतरतात, पुण्या-मुंबईच्या पोरी लहानपणापासून क्लबमध्ये सहा नंबरवर खेळून आलेल्या असतात. उंची आपण विकत आणू शकत नाही, लाकडी कोर्टही लगेच होणार नाही. बॉल आणता येतो.

घ्यायचं ठरलं आणि पैसे पुरले तर दोन घ्या. एकावर दहा-बारा पोरींचा सराव होत नाही, निम्म्या वेळ रांगेतच जातो. बिलावर 'बास्केटबॉल' एवढंच न लिहिता 'साइज 6, महिला संघ' असं लिहून घ्या आणि साठा नोंदवहीतही तशीच नोंद करा. म्हणजे पुढच्या वर्षी खरेदीच्या वेळी दोन बॉल आहेतच की, असं कुणी म्हणणार नाही. बारा वर्षांच्या आतली लेकरं असतील तर त्यांना सहाही मोठा पडतो, पाच नंबर आणा. आणि बॉल आल्या दिवशी पक्क्या मार्करनं त्यावर 'मुली' असं लिहा आणि त्या कपाटाची किल्ली मुलींच्या कॅप्टनकडे द्या.