चोवीस लाखांची ग्रँट आणि कोऱ्या लेटरहेडवरच्या माझ्या सह्या

बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं, कारण स्वतःचा बावळटपणा चारचौघांत कोण सांगणार. पण मागच्या आठवड्यात एक फोन आला (त्याचं शेवटी सांगते) आणि मग ठरवलंच.

आमचा सदाशिव पेठेत एक छोटा ट्रस्ट आहे. आजोबा एका संगीत नाटक कंपनीत पेटी वाजवायचे, कंपनी बुडाली तेव्हा थकलेल्या पगाराऐवजी जे हाती लागलं ते घेऊन घरी आले, दोन ट्रंका भरून शेले-पगड्या, एक पायपेटी, तीन रंगवलेले पडदे आणि हँडबिलांचे गठ्ठेच्या गठ्ठे. नंतर लोकही आणून देत गेले. वाड्यातल्या दोन खोल्यांत मांडलंय, रविवारी सकाळी उघडतो. धर्मादायकडे नोंदणी, १२ए, ८०जी (आयकर सवलतीच्या नोंदण्या), वेळेवर ऑडिट, सगळं आहे. नाहीत ते फक्त पैसे. पावसाळ्यात भिंतीला ओल येते, पडद्यांच्या रंगाचे पोपडे निघतात, कागदांना कसर लागते आणि आम्ही वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवून देवाचं नाव घेतो.

अशात मला एका 'सरां'चा फोन आला. छोट्या म्युझियमना ट्रेनिंग आणि फंडिंग मिळवून देणारं त्यांचं फाउंडेशन म्हणे, ऑफिस बाणेरला. माणूस गोड बोलणारा, पहिल्या मिनिटापासून ताई-ताई. बाजीराव रोडच्या केळकर म्युझियमचं उदाहरण दिलं, म्हणाला ताई, दिनकर केळकरांनी एकट्याने वीसेक हजार वस्तू जमवल्या, गेलेल्या मुलाच्या नावाने म्युझियम उभं केलं, तुमच्यातही तेच आहे. आता मला सांगा, असं कोणी म्हटल्यावर फोन ठेवता येतो का.

बरं, माहिती पक्की. कंपनी कायदा २०१३, कलम १३५, मोठ्या कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सीएसआरवर, म्हणजे समाजोपयोगी कामांवर खर्चावी लागते, सातव्या परिशिष्टात वारसा, कला, संस्कृती येतं, केंद्राच्या संस्कृती खात्याची म्युझियम ग्रँट स्कीम आहे, म्युझियमवाल्यांच्या ट्रेनिंगची वेगळी स्कीम आहे. मी रात्री बसून एकेक तपासलं आणि सगळं खरं निघालं. तिथेच फसले. स्कीम खरी आहे एवढंच तपासलं, हा माणूस त्या स्कीमचा कोण लागतो ते नाही तपासलं.

पहिले गेले ५,९०० रुपये, 'दर्पण आणि सीएसआर-१ ची सरकारी फी'. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर संस्थेची नोंदणी फुकट असते हे मला तेव्हा माहीत नव्हतं. सीएसआरचे पैसे घ्यायला संस्थेला जो सीएसआर-१ फॉर्म भरावा लागतो त्यावर सीए, कंपनी सेक्रेटरी किंवा कॉस्ट अकाउंटंटची डिजिटल सही लागते, आमच्या सीएला तर कोणी विचारलंही नव्हतं, मग सही केली कोणी? हा प्रश्न मला पाच महिन्यांनी पडला. त्यांनी दर्पणचं जे सर्टिफिकेट पाठवलं त्यावरचा नंबर पोर्टलवर टाकला तर भलत्याच जिल्ह्यातली भलतीच संस्था आली. दोन मिनिटांचं काम होतं हो ते.

मग म्हणाले, ज्या संस्थेतली तीन माणसं ट्रेन्ड आहेत तिचीच फाइल पुढे जाते. अशी अट मला नंतर कुठल्याही स्कीमच्या कागदात सापडली नाही. माणशी ११,८००, तिघांचे ३५,४००. डेक्कनला एका हॉटेलच्या हॉलमध्ये तीन दिवस, जेवण उत्तम होतं हे कबूल करते. पहिला दिवस स्लाइड्स, कुठल्या कुठल्या परदेशी म्युझियमचे फोटो. दुसरा दिवस प्रपोजल कसं लिहायचं. तिसऱ्या दिवशी 'कागदाचं जतन', आणि त्यात त्या मॅडमनी सांगितलं की जुनी हँडबिलं सरळ लॅमिनेट करून टाका, शंभर वर्षं बघायला नको.

आम्ही केली. अप्पा बळवंत चौकात नेऊन त्रेचाळीस हँडबिलं लॅमिनेट केली, सगळ्यात जुनी होती ती आधी. दुकानदार पोरगा बिचारा म्हणत होता, काकू कागद फार जीर्ण आहे, बघा हां. मीच म्हटलं, अरे आम्ही ट्रेनिंग घेतलंय.

पुढे कागदाचं काम करणाऱ्या एका ओळखीच्या बाईंना दाखवली तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मग समजावून सांगितलं की गरम लॅमिनेशनचा गोंद वितळून कागदाच्या तंतूंत शिरतो, सोडवायचं तर रसायनं लागतात आणि त्यात शाई जायची, कागद फाटायची भीती, कितीदा तर सुटतच नाही. हँडबिलाचा कागद आधीच स्वस्तातला, त्यात आम्लता असते, ती आतच कोंडून राहते आणि कागद आतल्या आत पिवळा, ठिसूळ होत जातो. योग्य पद्धत काय तर न चिकटणाऱ्या पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात सुटा ठेवायचा, किंवा आम्लमुक्त कागदाच्या फोल्डरमध्ये. सेलोटेप तर अजिबात नाही. खर्च? लॅमिनेशनपेक्षा थोडा जास्त. पैसे गेले त्याचं दुःख एकीकडे, पण ही त्रेचाळीस पानं... असो.

तिसरा हप्ता ५९,००० चा, प्रोजेक्ट रिपोर्टसाठी. रिपोर्ट आला ऐंशी पानांचा, दिसायला झकपक. एका पानावर आमच्या पायपेटीऐवजी 'आदिवासी शस्त्रदालन' असं राहून गेलं होतं. मी फोन केला तर हसले, टायपिंग मिस्टेक ताई. आमच्याकडे कुठून शस्त्रं! पण तेव्हा मीही हसले.

मधे एकदा लंडनच्या कुठल्याशा फंडाचंही गाजर दाखवलं. आमच्याकडे एफसीआरए (परदेशी देणगी घ्यायची नोंदणी) नाही म्हटलं तर म्हणे काळजी नको, आमच्या खात्यात घेऊन तुमच्याकडे वळवू. हे मी सहज सीएच्या कानावर घातलं तर तो उडालाच. परदेशी देणगी एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय घेताच येत नाही, नोंदणी असलेल्यालाही ती आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मेन ब्रँचमधल्याच खात्यात घ्यावी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती दुसऱ्या संस्थेला वळवायला बंदी आहे. म्हणाला, मॅडम, हे झालं असतं तर तुम्ही तक्रारदार नाही, आरोपी झाला असतात. खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. पण १,००,३०० देऊन बसले होते ना त्याआधी, आणि कागद मंत्रालयात पोचलेत असं ते म्हणत होते. त्याच भरात आणखी २५,००० 'दिल्लीच्या फेऱ्यांसाठी' एका बाईच्या नावाच्या यूपीआयवर टाकले, बिल नाही, काही नाही. शिवाय 'पत्रव्यवहाराला सारखं पेठेत यायला नको' म्हणून तीन कोऱ्या लेटरहेडवर सही-शिक्का मारून दिला. हो, दिला. सगळे मिळून १,२५,३०० रुपये.

मग आलं मंजुरीपत्र. अशोकस्तंभ, जावक क्रमांक, गोल शिक्का, २४ लाख मंजूर. फक्त १ टक्का, म्हणजे २४,००० अनामत भरा की पहिला हप्ता सुटला. मी आनंदाने ते आत्याला दाखवायला नेलं. आत्या अठ्ठ्याहत्तरची, जन्म छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेला. तिने चष्मा वर केला आणि म्हणाली, हे दिल्लीचं पत्र ना गं, हिंदी ना? मग हिंदीत 'संस्कृति' ऱ्हस्व असते, इथे 'ती' दीर्घ कशी? हे कुणा आपल्याच मराठी माणसाने बसून टाइप केलंय.

माझ्या पायाखालची जमीन सरकली म्हणतात ना, ते.

त्या संध्याकाळी आमचे खजिनदार काका (बँकेतून रिटायर) सगळी बिलं घेऊन बसले आणि पाच मिनिटांत त्यांनी जे दाखवलं ते प्रत्येकाने शिकून घ्या. जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचा २७. ऑफिस बाणेरचं सांगणाऱ्या या लोकांच्या बिलावर होता ०७, म्हणजे दिल्ली. तरी कर लावलेला सीजीएसटी-एसजीएसटी असा नऊ-नऊ टक्के, जो राज्यातल्या राज्यात लागतो. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन, आणि पॅनचं चौथं अक्षर सांगतं मालक कोण, सी म्हणजे कंपनी, टी म्हणजे ट्रस्ट, पी म्हणजे एकटा माणूस. जीएसटी नंबरात ते सहाव्या जागी येतं. आमच्या 'फाउंडेशन'चं होतं पी. जीएसटीच्या साइटवर नंबर टाकून कोणालाही बघता येतं, आम्ही टाकला, तर होजिअरीचा धंदा, नोंदणी रद्द. काका काही बोलले नाहीत, बिलांना टाचणी लावून ठेवली. बिलं पास करताना सही त्यांचीही होती.

मंजुरीपत्र आलेला ईमेल जीमेलचा होता हेही तेव्हाच दिसलं. केंद्राची ग्रँट घ्यायची तर संस्थेला पीएफएमएसवर (सरकारी पैसे वाटपाच्या पोर्टलवर) नोंदणी करावी लागते, मग पैसे हप्त्यांनी येतात आणि आधीच्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र द्यावं लागतं. म्हणजे सरकार हिशोब मागतं, अनामत नाही. आणि खरं ट्रेनिंग हवं असेल तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं जतन केंद्र आहे, लखनौची एनआरएलसी ही सरकारी जतन प्रयोगशाळा आहे, वारसा जपणारी इंटॅक ही संस्था आहे, थेट त्यांनाच लिहा, मधल्या माणसाची गरजच नाही.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, १९३० वर फोन केला, सायबर पोर्टलवर तक्रार टाकली. तिथल्या मुलीने शांतपणे विचारलं, पैसे कधी गेले? पाच महिन्यांपूर्वी म्हटल्यावर ती गप्पच झाली. पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे खात्यात असतानाच गोठवता येतात, आमचे केव्हाच पुढे गेले होते. पोलिसांनी अर्ज घेतलाय, कलम आता ४२० नाही, भारतीय न्याय संहितेचं ३१८, एवढी ज्ञानात भर पडली. सरांचा फोन अर्थातच बंद.

आता तो फोन. साताऱ्याकडच्या एका जुन्या वाचनालयाचे सेक्रेटरी बोलत होते, वयस्कर, फार अदबीने. म्हणाले, ताई, तुमच्या संस्थेचं पत्र आम्हाला दाखवलं त्यांनी, की या फाउंडेशनमुळे तुम्हाला २४ लाख मिळाले, सेवा समाधानकारक, फक्त एकदा तुमच्याशी बोलून खात्री करावी म्हटलं. मी पत्राचा फोटो पाठवायला सांगितला. फाउंडेशनचं नाव नवीन होतं, पण लेटरहेड आमचं, शिक्का आमचा, आणि खाली सही माझीच.

त्यांनी अजून पैसे भरले नव्हते. तीनपैकी एका कागदाचा पत्ता असा लागला, उरलेले दोन कुठे फिरतायत माहीत नाही. तेव्हा सदाशिव पेठेतल्या एखाद्या नाटकवाल्या ट्रस्टचं असं कौतुकपत्र तुम्हाला कोणी दाखवलं, तर खाली छापलेल्या नंबरवर फोन करा, मीच उचलते.