संग्रहालयाच्या मांडणीचा कन्सेप्ट शिकायचा असेल तर भायखळ्याला जा: डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय

राणीच्या बागेत मुलांना पेंग्विन दाखवायला जाणारी बरीच मंडळी दाराजवळच्या या देखण्या इमारतीकडे एक नजर टाकतात आणि पुढे निघून जातात. मी छोट्या संग्रहालयांच्या मांडणीचं काम करते. कुठली वस्तू कुठे, कुठल्या रंगासमोर, किती उजेडात, शेजारी किती मजकूर, हे ठरवणं हा माझा रोजचा उद्योग. नवं काम हाती आलं की संगणक उघडण्याआधी मी इथे चक्कर मारते, त्यामुळे हा अभिप्राय त्याच नजरेने लिहिलेला आहे.

सध्या कोकणातल्या एका गावी दोन खोल्यांचं संग्रहालय उभं राहतंय. जाळी, वजनं-मापं, तांब्यापितळेची भांडी, जुने दस्तऐवज एवढा ऐवज आहे. समितीने ‘कन्सेप्ट’, म्हणजे मांडणीची मूळ कल्पना, मागितला. आमच्या धंद्यात कन्सेप्ट म्हटलं की इंटरनेटवरची चित्रं गोळा करून मूडबोर्ड करायचा, जांभळ्या-निळ्या प्रकाशातलं थ्रीडी रेंडर, म्हणजे संगणकावर काढलेलं चित्र, दाखवायचं आणि मागच्या भिंतीवर छतापर्यंत लाटा छापायच्या, अशी सवय लागली आहे. समितीतले एक निवृत्त मुख्याध्यापक मला म्हणाले, ‘ताई, मागची भिंत जरा भरा ना, रिकामी दिसते.’ मी म्हटलं, ‘सर, आधी आपण भायखळ्याला जाऊन येऊ.’

आत शिरलं की नजर सरळ समोरच्या टोकाला, राणी व्हिक्टोरियाचा नवरा प्रिन्स अल्बर्ट याच्या पांढऱ्या संगमरवरी पुतळ्याकडे जाते. दोन्ही बाजूंना ओतीव लोखंडाचे खांब, वर सज्जा, फिकट हिरवा रंग आणि त्यावर सोनेरी नक्षी. इमारतीची पायाभरणी १८६२ची, संग्रहालय खुलं झालं १८७२मध्ये. तेव्हा नाव होतं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. ज्या डॉ. भाऊ दाजींनी ते उभं राहावं म्हणून जिवाचं रान केलं त्यांचं नाव १९७५मध्ये दिलं गेलं. मधल्या काळात वास्तूची पार रया गेली होती. २००३मध्ये महापालिका, वारसा जपणारी इन्टॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन एकत्र आले, वास्तुसंवर्धनाचं काम विकास दिलावरींनी केलं, २००५मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला आणि २००८मध्ये दारं पुन्हा उघडली.

त्या हिरव्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण मला तो फार मोलाचा वाटतो. संग्रहालय म्हटलं की एक तर दवाखान्यासारखा पांढरा, नाहीतर ‘गंभीर’ म्हणून काळा असे दोनच रंग आपल्याला सुचतात. इथल्या वस्तू बहुतेक तपकिरी, मातकट, हस्तिदंती, चांदीच्या. कपाटं जुन्या लाकडाची. या सगळ्या उबदार छटांना थंड हिरवा उठाव देतो. त्या हिरव्यासमोर लाकूड अधिक लाकडी दिसतं आणि माती अधिक मातीची. कोकणातल्या त्या कामासाठी मी निळा धरून बसले होते, समुद्र म्हणून. पण जाळी सुताची, भांडी पितळेची. त्यांना काय शोभेल हे समुद्राला विचारून कसं कळणार? मग एक गंजकं वजन आणि एक लोटा खिडकीत ठेवला, मागे एकेक रंगीत कागद धरून पाहिला आणि राखाडीकडे झुकणाऱ्या हिरव्यावर थांबले.

खरा खजिना वरच्या मजल्यावर आहे. मुंबईचे नकाशे, जहाजांच्या प्रतिकृती, पारशी दख्म्याची (मृतदेह ठेवण्याच्या मनोऱ्याची) प्रतिकृती आणि मातीच्या छोट्या मूर्ती: निरनिराळ्या जातीजमातींची, धंद्यांची माणसं. एका कपाटासमोर निवांत उभे राहा. पगडीचा वेढा कुठे वर चढतो, कुठे खाली बसतो, नेसणीच्या निऱ्या कशा पडतात, हे वाकून पाहावं लागतं. इतक्या लहान वस्तूमागे माणूसभर उंचीचा छापील फोटो लावला असता तर मूर्ती मेल्या असत्या. इथे मागे काही नाही, म्हणून डोळा त्या बोटभर चेहऱ्यावर टिकतो. सरांनी त्याच कपाटाशी बराच वेळ घालवला. रिकाम्या भिंतीचा विषय पुन्हा निघाला नाही.

एक गोष्ट मात्र मला इथे दरवेळी टोचते. या मूर्तींमधली माणसं ‘नमुने’ म्हणून घडवलेली आहेत. माणसांची वर्गवारी करून कपाटात ठेवणारी ती वसाहतकाळाची नजर आहे. मांडणी कितीही सुंदर असली तरी ती नजर नुसत्या रंगाने आणि उजेडाने पुसली जात नाही. म्हणून संग्रहालयाने समकालीन कलावंतांना बोलावून जुन्या संग्रहाशी बोलायला लावलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. सुदर्शन शेट्टी, जितीश कल्लाट, अतुल दोडिया यांची प्रदर्शनं इथे झाली. एवढ्या नटलेल्या वास्तूत नवी वस्तू ठेवणं सोपं नाही. खांब, नक्षी, झुंबरं सगळीच लक्ष मागतात. आवाज चढवणारी मांडणी इथे हरते.

काळा घोड्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात २०१७-१८मध्ये ‘भारत आणि जग’ हे प्रदर्शन झालं होतं. तिथे कन्सेप्ट वेगळ्या ठिकाणी होता: नऊ गोष्टी आणि भारतातली वस्तू जगातल्या वस्तूच्या शेजारी. म्हणजे सगळी भिस्त शेजारावर. दोन वस्तूंमधलं अंतर हाच तिथला मजकूर. पैसे कमी असतील त्यांनी हा मार्ग जरूर धरावा, शेजार बदलायला खर्च येत नाही.

लेबलांबद्दल माझा हट्ट आहे. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतात, त्यामुळे दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त जागा सोडावी लागते. आणि अक्षरांमधलं अंतर कधीही ओढून वाढवू नये, शिरोरेषा तुटते. मागच्या एका कामात छपाईवाल्याने मथळा ‘पसरट छान दिसेल’ म्हणून ताणला आणि प्रत्येक अक्षर सुटं होऊन लोंबायला लागलं. सगळे पॅनल पुन्हा छापावे लागले. तेव्हापासून मी प्रत्येक लेबल आधी साध्या कागदावर खऱ्या मापात काढते, जमिनीपासून साधारण दीड मीटरवर चिकटवते आणि गावातल्या एखाद्या आजींना चष्म्यासकट वाचायला लावते. त्या पुढे झुकल्या की टाइप वाढवायचा. कागद आणि कापडावर प्रकाश ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आसपासच ठेवावा लागतो. त्या अंधुक उजेडात बारीक राखाडी अक्षरं कुणालाही दिसत नाहीत, मग डिझायनरच्या पडद्यावर ती कितीही नाजूक दिसोत.

जाण्याआधी: बुधवारी संग्रहालय बंद असतं. भायखळा स्टेशनवरून पूर्वेला चालत जाता येतं. सुट्टीच्या दिवशी बागेची गर्दी आत सांडते, त्यामुळे आठवड्यातल्या मधल्या एखाद्या वारी सकाळी जा. बाहेर घारापुरीचा दगडी हत्ती आहे. इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना तो पडून फुटला आणि पुढे तुकडे जोडून उभा केला. त्याचे सांधे जवळून पाहा. विद्यार्थ्यांना नेणार असाल तर फोन पिशवीत ठेवायला सांगा आणि एकच काम द्या: वरच्या मजल्यावर एका कपाटासमोर उभं राहून आपली नजर आधी कुठे गेली, मग कुठे, हे क्रमाने वहीत लिहायचं.