बडोद्याहून न्यूयॉर्क: मुंबईची डायरेक्ट घ्यावी की अहमदाबादहून अबुधाबीमार्गे?

सासूबाईंचं तिकीट काढताना मी आधी किलोमीटरच मोजत बसले, त्यात काही अर्थ नव्हता. मुंबई-न्यूयॉर्क सरळ अंतर साधारण १२,५५० किमी, आणि अहमदाबाद-अबुधाबी-न्यूयॉर्क दोन्ही टप्पे मिळून १२,९०० च्या आसपास, म्हणजे फरक साडेतीनशेचा, आपलं बडोदा-मुंबई रेल्वेचं अंतरसुद्धा त्याहून जास्त आहे!

तास मोजायचे तर घराच्या दारापासून मोजा. डायरेक्ट विमान जाताना साधारण १६ तास घेतं, पण त्याआधी वंदे भारतने साडेतीन-चार तास, बोरिवलीला उतरून बॅगा ओढत टॅक्सी, मग मुंबई विमानतळाच्या टी-२ टर्मिनलवर तीन तास आधी हजर, ट्रेन लेट झाली तर काय म्हणून अजून एखाद-दोन तास हाताशी ठेवायचे, झाले की २५-२६. अहमदाबादचं बघा, एक्सप्रेसवेने दोन तासात विमानतळ, तिथेही तीन तास आधी हजर, अबुधाबी सव्वातीन तास, तिथे चारेक तास हॉल्ट, पुढे १४ तास. हेही तेवढंच!

बडोदा-मुंबई विमान आहे की, असं सगळे सांगतात. आहे, पण वेगळं तिकीट काढलं तर डोमेस्टिकला साधारण १५ किलोच फुकट, आणि तुमच्याकडे २३-२३ च्या दोन बॅगा, त्यात लिलो चिवडा, भाकरी नि छुंद्याची बरणी. एकाच तिकिटावर मिळत असेल तरच त्याचा विचार करा.

आता खरी गंमत अबुधाबीची. तिथेच अमेरिकेचं इमिग्रेशन उरकतं, २०१४ पासून ही सोय आहे, त्यामुळे न्यूयॉर्कला डोमेस्टिक पॅसेंजरसारखं उतरायचं, बॅगा घ्यायच्या नि बाहेर. १६ तासांनी थकून लांबलचक लाईनीत उभं राहून ऑफिसरला उत्तरं देण्यापेक्षा हे म्हाताऱ्या माणसाला कितीतरी बरं. फक्त हॉल्ट तीन तासांहून कमी घेऊ नका, लाईन तिथेही असतेच, आणि व्हीलचेअर बुकिंगच्या वेळीच मागा.

पण विमान बदलायचं म्हटलं की ज्यांच्या पोटात गोळाच येतो, त्यांना मुंबईच बरी. एकदा बसले की बसले. येताना तर वारा पाठीमागून असतो, तासा-दोन तासांनी कमी लागतात. मात्र मुंबईला उतरून परत ट्रेन आलीच, अहमदाबादहून कसं, टॅक्सीने सरळ घरी.

तिकिटावरच्या वेळा बघून फसू नका, दोन्हीकडच्या वेळा तिथल्या-तिथल्या असतात. रात्री २ ला निघून सकाळी ८ ला पोचतंय असं बघून सासरे म्हणाले, सहा तासात अमेरिका? उन्हाळ्यात त्यात साडेनऊ तास मिळवा, हिवाळ्यात साडेदहा.

आम्ही अबुधाबी घेतलं. सासूबाईंनी तिथे चार तास बाकावर बसून थेपले खाल्ले, तक्रार फक्त चहाची होती.