आतून सगळं खरं होतं

नवं हेड बसेना, तिथून हे प्रकरण उघडकीला आलं. फ्लोअर टॉम, म्हणजे सेटमधला पायांवर उभा राहणारा ड्रम, 16 इंची; हेड, म्हणजे त्याच्या तोंडावर ताणून बसवायचा पडदा, तेही 16 इंची; तरी ते शेलच्या, म्हणजे ड्रमच्या लाकडी पिंपाच्या, तोंडाशी येऊन अडायचं. हेडच सदोष असणार म्हणून मी बनवणाऱ्याला दोन शिव्या घातल्या आणि दुसरं आणलं. तेही अडलं. मग कमरेवर हात ठेवून त्या ड्रमकडे पहिल्यांदा नीट बघितलं. विकत घेऊन तेव्हा चार महिने झाले होते.

सेट लुडविग या अमेरिकन ड्रम कंपनीचा, 1965 सालचा; बास ड्रम 22, टॉम 13 आणि फ्लोअर टॉम 16 इंची. रंग ब्लॅक ऑयस्टर पर्ल, म्हणजे काळ्यावर राखाडी-पांढऱ्या धुराची वळणं. 9 फेब्रुवारी 1964 ला बीटल्सनी अमेरिकेत एड सुलिव्हनच्या टीव्ही शोमध्ये वाजवलं, तेव्हा त्यांचा ड्रमर रिंगो स्टार ज्या ड्रम्समागे बसला होता ते लुडविगचे आणि याच रंगाचे. त्यानंतर शिकागोच्या त्या कारखान्याला मागणी पुरी करता करता नाकी नऊ आले. आजही तोच काळ, तीच मापं, तेच शेल असले तरी या रंगाच्या सेटला लोक जास्त मोजतात. हा रंग शेलवर चढवलेल्या आवरणाचा असतो; त्यातही कारखान्यात चढवलेलं मूळ आवरण असेल तर एक किंमत आणि नंतर कुणी नवं चढवलं असेल तर दुसरी, बरीच खालची. सगळी गोम या फरकात आहे.

विकणारा माणूस गोड बोलणारा होता. फोटो मागावेत तितके पाठवायचा. आतला करडा ठिपकेदार रंग दाखवला, तो त्या वर्षांच्या लुडविगमध्ये असायलाच हवा. लाल शाईचा तारखेचा शिक्का दाखवला. कीस्टोन बॅज, म्हणजे शेलवरचा कंपनीचा बिल्ला, आणि त्यावरचा नंबर दाखवला. मी प्रत्येक गोष्ट ताडून पाहिली आणि प्रत्येक गोष्ट खरी निघाली. आजही ती खरीच आहे! शेल 1965 चेच आहेत, बॅज त्यांचाच आहे. या खऱ्या साक्षीदारांच्या जबानीवर मी आवरणही खरं धरून चाललो. त्याने खोटं काही दाखवलं नाही, फक्त एका गोष्टीचा फोटो कधीच पाठवला नाही: जोडाचा.

आवरण, म्हणजे आपण ज्याला रॅप म्हणतो ते, शेलभोवती गुंडाळलेलं असतं, त्यामुळे त्याची दोन टोकं कुठेतरी भेटणारच. साठच्या दशकातल्या लुडविगमध्ये रॅपचं टोक शेलच्या बाहेरच्या लाकडी थराच्या जोडातच दाबलेलं असतं. माझ्या तिन्ही ड्रम्सवर एक टोक दुसऱ्यावर चढवून वरूनच चिकटवलं होतं आणि कडेला गोंदाची बारीक पिवळट रेघ सुकली होती. इतर कंपन्यांच्या जोडाच्या रीती वेगळ्या आहेत, तेव्हा टोकावर टोक दिसलं की लगेच चोर म्हणू नका. पण घेताय त्या ड्रमच्या कंपनीची, त्या काळातली रीत आधी माहीत करून घ्या आणि जोडाचा फोटो मागा. मी मागितला होता, एकदाच. ‘मागच्या बाजूला आहे, ठीकठाक आहे,’ असं उत्तर आलं आणि सोबत बॅजचा आणखी एक सुंदर फोटो. मी बॅज बघत बसलो.

हेड अडलं त्या रात्री मी फ्लोअर टॉमचा एक लग, म्हणजे हेड ताणणारे स्क्रू ज्यात बसतात तो शेलवरचा धातूचा तुकडा, सोडवला. जुना पर्ल रॅप सेल्युलॉइड या जुन्या प्लॅस्टिकचा असतो आणि वयाबरोबर पिवळा पडतो. उघड्या भागावरची पांढरी वळणं सायीच्या रंगाची होतात, पण लगखाली उजेड पोचत नाही, त्यामुळे तिथे लगच्या आकाराची स्वच्छ सावली राहते. माझ्या लगखाली सावलीच नव्हती. आत-बाहेर एकच रंग. मग स्क्रूच्या भोकात टॉर्च मारला. भोकाच्या कडेला आधी लाकूड, त्यावर एक चमचमती हिरवट रेघ आणि तिच्यावर काळा थर. दोन आवरणं! हेड अडण्याचं कारणही हेच, शेल अंगाने जाड झाला होता.

वर चढवलेला माल पर्लही नव्हता, छापील फिल्म होती. खऱ्या पर्लला खोली असते. ड्रम फिरवला की आतली वळणं उजेडासोबत सरकल्यासारखी वाटतात. माझ्या ड्रमवर मात्र वाकड्या मानेच्या बगळ्यासारखं एक वळण होतं, तेच वीतभर पुढे पुन्हा आणि त्यापुढे पुन्हा. चार महिने मी त्या बगळ्यांसमोर बसून वाजवत होतो. सेल्युलॉइड अंगठ्याने जोरात घासून गरम केलं की कापराचा वास येतो, कारण ते बनवतानाच कापूर घालतात. मी बोट भाजेपर्यंत घासलं, वास आला तो गोंदाचा. (ही परीक्षा अंगठ्यानेच करायची. जुनं सेल्युलॉइड भडकन पेटतं, काडी जवळ नेऊ नका.)

सगळ्यात जास्त चरफडलो ते जुने फोटो पुन्हा उघडल्यावर. बॅज ज्या पितळी नळीने बसवलेला असतो, तिचीच हवेची वाट होते आणि तिची कड आतल्या बाजूला मुडपलेली असते. नवं आवरण चढवायचं तर बॅज काढावा लागतो, म्हणजे ती नळी कापावी लागते. तारखेच्या शिक्क्याच्या फोटोत, शिक्क्यापासून चार बोटांवर, नळीची मुडपलेली कड लखलखीत नवी दिसत होती आणि तिच्याभोवती करड्या रंगाला ताजे ओरखडे होते. तो फोटो मी शंभरदा तरी पाहिला असेल. पण मी तारीख वाचत होतो.

विकणाऱ्याला फोन केला. आधी म्हणाला, ‘अहो, जुन्या ड्रम्सचं असंच असतं.’ भोकाचा फोटो पाठवल्यावर म्हणाला, ‘मी ओरिजिनल ब्लॅक ऑयस्टर पर्ल लिहिलं होतं ना? रंगाचं ओरिजिनल नावच ते आहे.’ यावर काय बोलणार! जाहिरात पुन्हा वाचली, तर ‘कारखान्यातलं आवरण’ असे शब्द खरंच कुठे नव्हते. ते मी मनात वाचले होते. तेव्हा हे वाक्य विकणाऱ्याकडून लेखी घ्या: आवरण कारखान्यातलं आहे, नंतर बदललेलं किंवा वरून चढवलेलं नाही. प्रामाणिक माणसाला ते लिहायला अर्धं मिनिट लागतं. नवं आवरण चढवणं हा गुन्हा नाही, कित्येक चांगले ड्रमर तसं करतात आणि विकताना तसं सांगतातही.

पैसे परत मिळाले नाहीत. नंतर एका रविवारी हेअर ड्रायरच्या मंद गरम हवेवर फ्लोअर टॉमची काळी फिल्म बोट बोट सोलत गेलो. खाली निळा स्पार्कल, म्हणजे चमचमता रॅप, होता, वरचा पारदर्शक थर पिवळा पडून हिरवट झालेला, 1965 चा, कारखान्यातला. टोक जोडात जिथल्या तिथे दाबलेलं. आणि नव्या आवरणाचा गोंद नीट धरावा म्हणून त्यावर वरपासून खालपर्यंत सँडपेपर मारलेला. बॅजखालचा रुपयाएवढा तुकडा तेवढा सुटला आहे.