तालुक्याच्या छापखान्यात साकारलेले ‘लीळाचरित्रा’चे मुखपृष्ठ

अभिजात ग्रंथांना नवी मुखपृष्ठे देण्याच्या विद्यार्थी स्पर्धेसाठी मी म्हाइंभटांचे ‘लीळाचरित्र’ निवडले, कारण मराठीतला हा आद्य गद्यग्रंथ तेराव्या शतकात आमच्याच अमरावती जिल्ह्यातील ऋद्धिपुरात आकाराला आला. छपाई तालुक्याच्या गावातील एका लहान डिजिटल छपाईच्या दुकानात करून घेतली.

ओल्या काळ्या मातीसारखा माझा गडद तपकिरी रंग कागदावर निस्तेज उतरेल, हे दुकानदार काकांनी फाइल उघडताच ओळखले. संगणकाचा पडदा लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशातून रंग दाखवतो, तर छपाईयंत्र निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या रंगांतून, हे समजावून त्यांनी आधी एक नमुना काढला आणि मला रंग सुधारायला लावले. पुस्तकाच्या कण्याची रुंदी मी अंदाजाने धरली होती. काकांनी ३२० पानांसाठी लागणारे १६० कागद रचून पट्टीने मोजले, तेव्हा ती १६ मिलिमीटर भरली. कापणीसाठी कडेला ३ मिलिमीटर जादा रंग सोडण्याची सूचनाही त्यांचीच.

मॅट लॅमिनेशन मात्र कण्याच्या घडीवर सुटले, आणि घडीची रेघ आधी यंत्रावर पाडून घेतली असती तर ते टळले असते, याची खंत मला आजही वाटते. इतके असूनही पुढचे मुखपृष्ठ मी याच दुकानात छापून घेणार आहे.