स्कूबा कधी शिकावं : दहाव्या वर्षी, पंचविशीत, चाळिशीत की साठीला?

दिवाळीच्या सुट्टीत मालवणच्या जेट्टीवर स्कूबासाठी, म्हणजे पाठीवरच्या सिलिंडरमधली हवा घेत पाण्याखाली जाण्यासाठी, आलेले एकाच घरातले तिघे हमखास दिसतात. अकरा वर्षांची मुलगी, जिला आत्ताच्या आत्ता पाण्यात उतरायचंय. चाळिशीतला बाप, जो दर विचारतोय. आणि अठ्ठावन्न-साठची आजी, जिलाही जायचंय, पण ‘या वयात कुठे’ म्हणतील म्हणून ती गप्प आहे. मी स्वतः त्रेचाळीसाव्या वर्षी शिकलो, त्यामुळे माझं मत थोडं चाळिशीकडे झुकलेलं असणार, हे धरूनच पुढचं वाचा.

आधी एक घोळ मिटवू. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पर्यटक जी डुबकी मारतात, ते शिकणं नव्हे. तिथे प्रशिक्षक तुम्हाला मागून धरून असतो, हवा आणि खोली तोच सांभाळतो. पोहता येत नसलं तरी बहुतेक ठिकाणी चालतं. शिकणं म्हणजे ओपन वॉटर कोर्स : तीन-चार दिवस, थोडी लेखी परीक्षा, उथळ पाण्यातला सराव आणि समुद्रात चार डाइव्ह. २०० मीटर पोहून दाखवायचं (वेळेचं बंधन नाही) आणि १० मिनिटं तरंगायचं. लहानपणी पाठीला भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकलेल्यांना एवढं जड जात नाही. हाती मिळणारं प्रमाणपत्र १८ मीटरपर्यंतचं असतं. वयाचा खरा प्रश्न इथेच येतो.

मुलांचं बघू. स्कूबा शिकवून प्रमाणपत्र देणाऱ्या पॅडी या संस्थेच्या नियमांत आठव्या वर्षी दोन मीटरपर्यंतची ओळख आणि दहाव्या वर्षी ज्युनियर प्रमाणपत्र मिळू शकतं. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला १२ मीटरची मर्यादा असते, तीही प्रमाणित पालक किंवा प्रशिक्षक सोबत असेल तरच. बारा ते चौदा वर्षांपर्यंत प्रमाणित मोठ्या माणसाबरोबर १८ मीटर. मुलं पटकन शिकतात, घाबरतही कमी. माझी अडचण वेगळी आहे. स्कूबात जोडीदार एकमेकांचे राखणदार असतात. पाण्याखाली बापाला काही झालं तर अकरा वर्षांची पोर त्याला वर आणू शकेल का? शिवाय मुलाला खरंच जायचंय की बाबांना खूश करायचंय, हे ओळखणं कठीण. कोर्स बारा-तेरापर्यंत थांबला तर काही बिघडत नाही. तोवर मास्क आणि श्वासाची नळी लावून पाण्यावर तरंगत खाली बघायचं, म्हणजे स्नॉर्केलिंग, करू द्या.

कानांचं गणित मात्र सगळ्या वयांना लागू आहे. आंबोलीचा घाट उतरताना कानात दडे बसतात, ते शेकडो मीटर उतरल्यावर. पाण्यात पहिल्या दोन-तीन मीटरांतच त्याहून जास्त दाब येतो, कारण दर १० मीटरला एका अख्ख्या वातावरणाचा, म्हणजे जमिनीवर हवेचा असतो तेवढा, दाब वाढतो. कानातला दाब जुळवायला नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, तेही दुखायच्या आधी. लहान मुलांची कानाला घशाशी जोडणारी नळी अरुंद आणि आडवी असते, म्हणून त्यांना हे जास्त अवघड. सर्दी असेल तर कोणत्याच वयाने उतरू नये.

विशीतल्यांबद्दल थोडक्यात : शरीर साथ देतं, पैसे देत नाहीत. अंदमानात कोर्सलाच पंचवीस-तीस हजार किंवा अधिक जातात, शिवाय विमानभाडं. गोव्यातल्या रात्रीच्या मैफलीनंतर सकाळी डाइव्ह आणि संध्याकाळी विमान, असा धोक्याचा बेतही याच वयात आखला जातो. एकाहून जास्त डाइव्ह केल्या असतील तर विमानाआधी किमान १८ तास मोकळे ठेवा. पण पैशांची सोय होत असेल तर शिकायला याहून बरा काळ नाही, कारण पुढे सरावाला वर्षं उरतात.

तिशी-चाळिशीत पैसे असतात, सवड नसते. एकदा शिकून चार वर्षं पाण्याकडे न फिरकणं ही या वयाची खरी चूक, माझीही. गरोदरपणात स्कूबा पूर्ण बंद. मूल लहान असेल तर दोघांपैकी एकाला होडीवर थांबावं लागतं. चाळिशीनंतर प्रेशर गेजवरचे, म्हणजे सिलिंडरमध्ये किती हवा उरली ते दाखवणाऱ्या तबकडीवरचे, आकडेही धूसर दिसू लागतात. मास्कला नंबरची काच बसते, पण हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

आता आजी. तिच्यावर जरा थांबू या, कारण तिलाच सगळे उडवून लावतात. कमाल वयाची अट नसते. ब्रिटनचे रे वूली २०१९ मध्ये ९६ व्या वर्षी सायप्रसजवळ झेनोबिया या बुडालेल्या जहाजापाशी ४० मीटरच्या खाली जाऊन आले. अर्थात त्यांच्या पाठीशी कित्येक दशकांचा सराव होता. साठीला नव्याने सुरुवात करणं वेगळं. पाण्यात शिरलं की हातापायांतलं रक्त छातीकडे सरकतं आणि हृदयावर ताण वाढतो. रक्तदाब असेल तर फुप्फुसात पाणी साठण्याचाही धोका असतो. म्हणूनच वैद्यकीय फॉर्मवर पंचेचाळिशीपुढच्यांना धूम्रपान, कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि घरातला हृदयविकार यांबद्दल विचारतात. तिथे भराभर ‘नाही’ लिहून मोकळं होऊ नका. एक ‘हो’ म्हणजे नकार नव्हे, डॉक्टरांची सही. मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्यांची नावं घेऊनच त्यांच्याकडे जा.

सही मिळाली तर आजी कदाचित घरातली सगळ्यात चांगली विद्यार्थिनी ठरेल. तिला कुणाला काही दाखवायचं नसतं, ती सावकाश श्वास घेते, त्यामुळे हवा जास्त पुरते. गर्दी नसलेल्या आठवड्यात, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, तिला येताही येतं. दम लागतो तो परत होडीवर चढताना : एकटं सिलिंडरच चौदा-पंधरा किलोचं, त्यात लाटा. ते पाण्यातच काढून वर द्यायचं आणि मग शिडी धरायची. असं चालेल ना, हे पैसे भरण्याआधी विचारून घ्या. ‘चालत नाही’ म्हणणारी होडी सोडून द्या.