सहा बटणांचा डबल ब्रेस्ट, छाती ५२ : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या डिसेंबरमध्ये थोरल्या मुलीच्या लग्नासाठी मी १९४०च्या दशकातल्या धाटणीचा थ्री-पीस (कोट, वेस्टकोट आणि पँट) सूट सांगलीतच शिवून घेतला. कोट डबल ब्रेस्ट, म्हणजे पुढचे दोन्ही पदर एकमेकांवर येणारा आणि बटणांच्या दोन रांगा असलेला. त्याला आता नऊ महिने होत आले. लग्न, दोन स्वागत समारंभ, संस्थेचा वर्धापनदिन, भावे नाट्यमंदिरातले काही कार्यक्रम आणि जूनमधला एक अनपेक्षित पाऊस धरून तो पंचवीसेक वेळा अंगावर चढला असेल. माझी छाती ५२ इंच, कंबर ५१ इंच आणि उंची ५ फूट ९ इंच आहे. या मापाच्या माणसाने जुन्या धाटणीचा सूट घ्यायचा तर काय अडचणी येतात आणि तो वापरात कसा ठरतो, हे मला आधी सांगणारे कोणी भेटले नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आमच्या बैठकीत आजोबांचा १९४८ सालचा फोटो आहे. रुंद, टोकदार लॅपलचा (कॉलरखाली छातीवर उलटलेल्या काठाचा) कोट, बेंबीच्या वर बसलेली पँट आणि सैल, सरळ उतरलेले पाय. आजोबाही अंगाने माझ्यासारखेच होते, पण त्या कोटात ते कोंडल्यासारखे दिसत नाहीत, भारदस्त दिसतात. मला तसा सूट हवा होता.

आधी मी तयार मालाच्याच मागे लागलो. त्या काळातले अस्सल जुने सूट परदेशात विकायला असतात, परंतु त्यांतले बहुतेक ३६ ते ४० छातीचे. ब्रिटनमध्ये १९४१ ते १९४९ कपड्यांचे रेशनिंग होते आणि त्या टंचाईत जुना कपडा उसवून पुन्हा शिवण्याचा रिवाज होता. मोठ्या मापाचा कोट कापून लहान करता येतो, लहानाचा मोठा होत नाही, हे ध्यानात घेतले की मोठी मापे का मिळत नाहीत याचा मला तरी उलगडा होतो. मग एका ऑनलाइन विक्रेत्याकडून ‘विंटेज स्टाइल’ म्हणून ५४ मापाचा सूट मागवला. छातीला तो बसला, पण खांद्याची शिवण दंडावर उतरली, बाही बोटांच्या पेरांपर्यंत आली आणि पँट कमरेला लागेचना. परत पाठवून पैसे मिळेपर्यंत पाच आठवडे गेले.

त्या सुटाचे असे का झाले, ते हरभट रोडच्या परिसरातल्या एका जुन्या कारागिरांनी मला समजावून सांगितले. टेप गळ्यात टाकून त्यांनी माझ्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, “साहेब, छाती ५२ आहे, पण खांदा ४६ छातीच्या माणसाचा आहे. रेडिमेड तुम्हाला होणार नाही.” तयार सुटात माप वाढवताना छातीबरोबर खांदा, बाही, मुंढा (बाही जोडतात ती गोलाई) सगळेच वाढवत नेतात, पँटची कंबर मात्र छातीपेक्षा साधारण सहा इंच कमी धरलेली असते. म्हणजे ५२च्या कोटाबरोबर ४६ कमरेची पँट येते. पोट असलेल्या माणसाच्या बाबतीत हा हिशेब पहिल्याच पायरीला चुकतो.

या मास्तरांनीच मग सूट शिवताना तीन ट्रायल घेतल्या, तीनही कच्च्या टाक्यावर. पहिल्या ट्रायलला कोटाची पुढची बाजू वर उचलली जात होती आणि कॉलर मानेपासून बोटभर सुटली होती. मी फक्त घेर वाढवा म्हणत होतो. त्यांनी दाखवून दिले की पोटाला जागा द्यायची तर नुसता घेर वाढवून भागत नाही, पुढच्या भागाची लांबीही वाढवावी लागते, कारण कापडाला पोटावरून जास्त अंतर तुडवायचे असते. त्यांनी खिशाच्या रेषेत आडवा छेद घेऊन तिथे बारीक चीप (कापड चिमटीत धरून मारलेली शिवण) काढली, जी खिशाच्या झाकणाखाली पूर्ण लपते. दुसऱ्या ट्रायलला कॉलर मानेला चिकटली आणि लॅपल सरळ पडले.

मुंढ्याबद्दल माझी समजूत अगदी उलटी होती. मोठ्या दंडाला मुंढा मोठा आणि खोल हवा असे मला वाटे. जुन्या पद्धतीचा मुंढा काखेच्या जवळ, उंच असतो आणि बाही भरदार असते. त्यामुळे हात वर केला तरी कोट जागेवरच राहतो. लग्नात अक्षता टाकताना, पुढे आहेर देता-घेताना मला एकदाही कोट खाली ओढावा लागला नाही. माझ्या जुन्या ब्लेझरमध्ये हात उचलला की अख्खा कोट कानाकडे यायचा. लंडनचे शिंपी फ्रेडरिक शोल्टे यांनी रूढ केलेल्या धाटणीत छातीवर आणि पाठीच्या पात्यांवर थोडे जादा कापड सोडलेले असते, तेही मी मागून घेतले. दिवसभर बसण्या-उठण्यात त्या सैलपणाचा खरा उपयोग कळतो.

डबल ब्रेस्टने जाड माणूस अधिक जाड दिसतो, असे मला घरच्यांसकट सगळ्यांनी सांगितले. माझा अनुभव तसा नाही. वरची बटणे रुंद मांडली आणि लॅपल खांद्याकडे टोकदार चढवले, तर नजर पोटावर थांबत नाही. कोट मात्र उभे असताना मिटलेलाच ठेवावा लागतो. उघडा सोडला की दोन्ही पदर लोंबतात.

या सुटाचे सगळ्यात मोठे सुख पँटमध्ये आहे. माझ्या रोजच्या पँटचे पुढचे आसन, म्हणजे जांघेपासून कमरेपर्यंतची उंची, जेमतेम ११ इंच, हिचे १४ इंच आहे. पँट पोटाखाली न अडकता पोटावर बसते, त्यामुळे दर दहा पावलांनी ती वर ओढण्याचा त्रास संपला. पट्टा नाही, गॅलिस (खांद्यावरून पँट धरणारे पट्टे) आहेत; त्यांच्यासाठी पुढे चार आणि मागे दोन बटणे आतून लावली आहेत. कंबर मुद्दाम इंचभर सैल ठेवली असल्याने जेवणानंतर काहीही आवळत नाही. दोन्ही बाजूंना दोन-दोन चुण्या आहेत, त्या बसताना उघडतात आणि उठल्यावर मिटतात. खाली दोन इंची दुमड घेतली. युद्धकाळात, १९४२ साली, ब्रिटनमध्ये कापड वाचवण्यासाठी ही दुमड आणि डबल ब्रेस्ट कोट दोन्हींवर बंदी आली होती. त्याचे कारण मला कापड घेताना उमगले : जादा पँटसह मला साडेसहा मीटर कापड लागले.

कापड पूर्ण लोकरीचे, मीटरला सुमारे ३०० ग्रॅम वजनाचे. दुकानात मला फार तलम, मोठ्या ‘सुपर’ आकड्याचे (हा आकडा धाग्याच्या तलमपणाचा) कापड दाखवले जात होते. धागा जितका तलम तितका तो घासणीला नाजूक, आणि माझ्या मापाच्या माणसाच्या मांड्या एकमेकींना घासणारच, म्हणून मी मध्यम कापड निवडले. डिसेंबर-जानेवारीत ते उत्तम. मार्चपासून दुपारी अंगावर ठेवणे कठीण झाले आणि एप्रिल-मे दोन्ही महिने सूट कपाटातच होता. सांगलीच्या उन्हाळ्यासाठी हे कापड योग्य नाही.

कोटाला आकार देण्यासाठी आत शिवून बसवलेले कॅनव्हासचे कापड आहे, डिंकाने चिकटवलेले फ्यूजिंग नाही. २०१९च्या महापुरानंतर घरात जो दमटपणा साचला, त्यात माझ्या फ्यूजिंगच्या ब्लेझरच्या छातीवर फुगवटे आले आणि ते इस्त्रीनेही बसले नाहीत. हा कोट जूनमध्ये आयर्विन पुलावर पावसात चांगला भिजला. रुंद हँगरवर पंख्याखाली दोन दिवस वाळवला, वरून ओला फडका ठेवून इस्त्री केली, आणि छाती पूर्वीसारखीच सपाट बसली.

आता दोष. सहाव्या महिन्यात पहिल्या पँटच्या मांड्यांना आतून चकाकी आली आणि शिवणीजवळ कापड विरळ झाले. आसनाला अस्तर लावून घ्यायला मी विसरलो होतो. दुसऱ्या पँटला ते लगेच लावले आणि ती अजून ठणठणीत आहे. कोटाच्या आतले, पदर धरून ठेवणारे बटण दोनदा तुटले, कारण सगळा ताण त्याच्यावर येतो. आता त्यामागे कापडाची चकती लावली आहे. वेस्टकोट बसल्यावर वर सरकत असे, तो अर्धा इंच लांब करावा लागला.

कापड, शिलाई आणि जादा पँट मिळून मला ३१ हजार रुपये लागले. रक्कम थोडी नाही, पण परत पाठवलेला सूट १८ हजारांचा होता आणि तो अंगाला लागतही नव्हता. मास्तरांकडे मी एकच हट्ट धरला होता की कमरेला आणि पाठीच्या शिवणीत दोन-दोन इंच माया (पुढे वाढवता यावे म्हणून आत ठेवलेले जादा कापड) सोडा. जुलैत वजन थोडे वाढले तेव्हा त्यांनी अर्ध्या तासात कंबर पाऊण इंच सोडून दिली, आणि उसवलेल्या जागी खूणही दिसत नाही.

सध्या सूट सुती पिशवीत, कसर लागू नये म्हणून कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवला आहे. डांबरगोळ्यांचा वास लोकरीतून लवकर जात नाही, म्हणून त्या टाळल्या. दिवाळीनंतर याच मापावर उन्हाळ्यासाठी हलक्या कापडाचा कोट शिवायला टाकणार आहे. पॅटर्नचा कागद मास्तरांनी माझ्या नावाने गुंडाळून ठेवला आहे.